रंगाचा रकाना

३ जुलै

प्रिय बटण,

फोन केला की दहाव्या वाक्याला आपण भांडतो, म्हणून पत्र. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही. आणि चाळिशीला आलास तरी मी तुला बटणच म्हणणार. कोटाचं बटण गिळताना विचार करायला हवा होतास.

बाबा जाऊन परवा तीन महिने होतील. तू एक दिवस आलास, पाहुण्यासारखा दाराशी उभा राहिलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. नऊ वर्षांनी घरी आलेला मुलगा, आणि चपलाही नीट काढल्या नाहीस. यावर मी बोलणार नाही असं ठरवलं होतं, पण बघ, बोललेच.

गेल्या आठवड्यात रजा काढून दुकान आवरलं. मशीन समोरच्या शिंपीणबाईंना दिलं. कपाटात सतरा पांढरे डगले निघाले, इस्त्री करून घड्या घातलेले. ते दवाखान्यात पोचवून आले. शेवटी शेवटी बाबा दुसरं काही शिवतच नव्हते ना. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, पांढऱ्यावर टीप सरळ दिसते.

आता मुद्द्याचं. बाबांच्या एकतीस वह्या माझ्याकडे आहेत. दर वर्षी गवत वाढलं की सोळा रविवार पाण्याच्या टाकीमागच्या माळावर जायचं, जाळीने नाकतोडे पकडायचे, किती हिरवे आणि किती तपकिरी ते लिहायचं, सोडून द्यायचे, शंभर झाले की घरी. आपण त्याला 'बाबांचं वेड' म्हणायचो. माझ्या धंद्यात याला सोनं म्हणतात. एकाच जागी, एकाच पद्धतीने, एकतीस वर्षं, आणि नाकतोड्यांची पिढी एका वर्षाची, म्हणजे एकतीस पिढ्या. मोठमोठ्या संस्थांकडे असं काही नाही, आणि एका शिंप्याकडे आहे.

त्या वह्यांत काय आहे ते तुला सोप्या भाषेत सांगते. पहिली बावीस वर्षं शंभरात तपकिरी सत्तावीस-अठ्ठावीस, कधी तीस. मग नऊ वर्षांपूर्वी टाकी बंद झाली, माळ सुकत गेला, आणि सुक्या गवतात हिरवा नाकतोडा पक्ष्यांना लांबूनही दिसतो. हिरवे खाल्ले जातात, तपकिरी उरतात आणि पिल्लं घालतात. गेल्या वर्षी शंभरात तपकिरी एकाहत्तर! प्राण्यांचे रंग कसे बदलत जातात हे शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, आणि तो बदल आपल्या बाबांनी डोळ्यांनी पाहिला.

यावरचा निबंध मी महिन्यापूर्वी एका शोधपत्रिकेला पाठवला. पहिलं नाव बाबांचं, दुसरं माझं. तुला माहीत आहे, पंचेचाळिसाव्या वर्षीही मी विद्यापीठात कंत्राटावर आहे. या निबंधावर माझी जागा पक्की होणार. पण खरं सांगू, बाबांचं नाव छापून येणार याचाच मला जास्त आनंद आहे. ते असताना यायला हवं होतं, याचं वाईट वाटतं.

परीक्षकांना पद्धत सविस्तर हवी आहे. मला गवतात पाय ठेवला की शिंका सुरू होतात, म्हणून मी कधी बरोबर गेले नाही. तू सात वर्षं जात होतास. कसे पकडायचे, रंग कसा ठरवायचे, सगळं लिहून पाठव.

तुझी,
ताई


१८ जुलै

ताई,

शिरसाष्टांग वगैरे सगळं धरून चाल.

तुझं पत्र दोन लिफ्टच्या मधल्या वेळात वाचलं. इथे एका चौदा मजली इमारतीत लिफ्ट सातव्यावर अडकते आणि आतले लोक मला शिव्या देतात. मी वरून ओरडून सांगतो की पाच मिनिटं. ती पाच मिनिटं कधीच पाच नसतात. मला लिहायची सवय नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

पद्धत विचारलीस. सकाळी सातला निघायचं. बाबांच्या खांद्यावर जाळी, माझ्या हातात डबा आणि आईने शिवलेली ती पांढऱ्या कापडाची पिशवी. टाकीच्या फाटकापासून दोनशे पावलं सरळ, मग डावीकडे. बाबा जाळी फिरवायचे, एकेक नाकतोडा पिशवीत घालायचे, आत बघून वहीत खूण करायची आणि सोडून द्यायचा. मापं लिहितात तसं लिहायचं. छातीला 'छा.', कंबरेला 'कं.', तसं हिरव्याला 'हि.', तपकिरीला 'त.'. बाबांचा हात इतका हलका होता की सात वर्षांत एकाही नाकतोड्याचा पाय तुटला नाही. हे छाप.

रंग बघायचा आणि लिहायचा. त्यात काय सांगायचं?

ताई, एक म्हणू? तो निबंध राहू दे. किंवा छापायचाच असेल तर मी जात होतो तिथपर्यंतचाच छाप. पुढची वर्षं सोड. बाबांचं वय झालं होतं, गुडघा गेला होता, एकट्याने जायचे. चूक होऊ शकते. माझं ऐक, मोठी आहेस म्हणून प्रत्येक वेळी तुझंच खरं असं नसतं.

दुकान आवरलंस ते बरं केलंस. रिळं कोणाला दिलीस?

बटण


२९ जुलै

बटण,

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. दोन दिवस थांबले, तरी फिरलेलंच आहे.

'मी जात होतो तिथपर्यंतचाच छाप.' म्हणजे बाबांच्या आयुष्यातलं खरं काय, तर तू होतास तेवढं. तू पाय काढलास आणि पुढची नऊ वर्षं ते सुजलेला गुडघा घेऊन एकटे त्या माळावर गेले, ते सोडून द्यायचं. त्या वह्यांत सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहिलेली आहे. तू होतास तेव्हा शंभर व्हायला दीड तास लागायचा. शेवटच्या वर्षी सव्वातीन. सव्वातीन तास, बहात्तराव्या वर्षी, उन्हात. आणि तू म्हणतोस, सोड.

तुम्ही दोघं कशावरून भांडलात ते बाबांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं की कात्रीला तेल घालायला लागायचे. तूही मूग गिळून बसलास. ठीक आहे. पण त्यांच्यावरचा राग त्यांच्या वह्यांवर काढू नकोस.

वह्यांमध्ये रंगाचा रकाना पहिली पंधरा वर्षं आईच्या अक्षरात आहे. आई गेल्यावर सात वर्षं तुझ्या. मग बाबांच्या. मी समजले की जाळी धरायला त्यांना दोन्ही हात लागायचे म्हणून दुसरं कोणी लिहायचं. बरोबर ना? तसं मी पद्धतीत लिहिलंसुद्धा.

एका परीक्षकाचा शेराही आला आहे. तो लिहितो, 'इतका सरळ चढ निसर्गात क्वचितच पाहायला मिळतो.' वाचून माझा ऊर भरून आला. परक्या माणसाला किंमत कळते.

रिळं शिंपीणबाईंनाच दिली. प्रत्येक रिळावर आईच्या अक्षरात आकड्याची चिठ्ठी होती, अस्तराच्या जुन्या ताग्यांवरसुद्धा. आई टापटिपीची होती, पण इतकी? शिंपीणबाई हसून म्हणाल्या, दोऱ्याला काय आकडे घालायचे, डोळ्यांना दिसतोच की रंग. मी सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या.

ताई


२४ ऑगस्ट

ताई,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता जसं होईल तसं पाठवतो.

बाबांना हिरवा आणि तपकिरी वेगळा दिसत नव्हता. जन्मापासून. आई म्हणायची, त्यांना दोन्ही एकाच चिखलाचे दिसतात. शिंप्याला रंग कळत नाही हे गावात पसरलं असतं तर दुकान बंदच झालं असतं, म्हणून आईने लग्नानंतर पहिल्याच वर्षी रिळांना आकडे घातले. गिऱ्हाईक कापड टाकायचं, आई आतून बघायची आणि सहज बोलल्यासारखा आकडा म्हणायची. बाबा त्या आकड्याचं रीळ काढायचे. चाळीस वर्षं कोणाला कळलं नाही. तुला नाही कळलं, म्हणजे बघ.

मला बाराव्या वर्षी कळलं. शाळेच्या बाईंचा हिरवा कोट होता. आई आजारी होती आणि बाबांनी सबंध कोट तपकिरी दोऱ्याने शिवला. दुपारी आई कशीबशी उठून आली, बघितलं आणि उसवायला बसली. मी शेजारी बसून दोरे वेचले. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग आईने मला सांगितलं आणि कोणाला सांगणार नाही असं कबूल करून घेतलं. बाबा वळले आणि म्हणाले, ताईला तर मुळीच नाही. ती पुढे रंगांचंच शिकणार आहे. तिला कळलं तर ती माझ्या वह्या फेकून देईल.

जाळी धरायला त्यांना एकच हात लागायचा, ताई. ते नाकतोडा पिशवीत टाकायचे आणि आईच्या तोंडाकडे बघायचे. नंतर माझ्या. मी म्हणायचो 'हि.', मी म्हणायचो 'त.'. कधी गंमत म्हणून उशीर करायचो, तर तेवढा वेळ ते तसेच बघत राहायचे. मग हसायचे.

आता भांडण. आई गेल्यावर नवीन अस्तरं आली, त्यांना आकडे घालायचे मी टाळत गेलो. कंटाळा, दुसरं काही नाही. एक बाई हिरवा डगला घेऊन आल्या, बाबांनी तपकिरी अस्तर लावलं. बाई चारचौघांत वाट्टेल ते बोलल्या. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी कापत होतो. मला इतकी लाज वाटली, आणि मी मान वर करून म्हणालो, त्यांना रंग दिसत नाहीत, मला विचारत जा.

बाबांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खणात ठेवली. बाई गेल्यावर मला म्हणाले, तू आता तुझं बघ. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी राहिलो असतो. त्यानंतर लोक रंगीत कापड आणेनासे झाले. ते पांढरे डगले त्याच वर्षापासूनचे आहेत.

म्हणून शेवटच्या नऊ वर्षांचा रकाना कोणी भरला, कसा भरला, मला माहीत नाही. बाबा खोटं लिहिणारे नव्हते. पण बघणारेही नव्हते. तुझी जागा पक्की होणार होती, मला कळतं. तरी हे छापून आल्यावर सांगण्यापेक्षा आता सांगितलेलं बरं. आधीच सांगायला हवं होतं. त्यांना दिलेला शब्द एकदा मोडला होता, दुसऱ्यांदा मोडवेना.

बटण


२० सप्टेंबर

बटण,

तुझं पत्र आल्यापासून मी चार रविवार त्या माळावर गेले. नाकाला फडकं बांधून. शिंकत शिंकत. विभागातल्या दोन मुलींना बरोबर नेलं, त्यांच्यातली एक रंग सांगायची आणि दुसरी तिचं न ऐकता स्वतःचा लिहायची. हि. ७२, त. २८. हि. ७०, त. ३०. पुढच्या दोन्ही वेळा तेच. टाकीचा राखणदार म्हणाला, टाकी बंद झाली पण जमिनीतला जुना नळ कधी गळायचा थांबला नाही. माळ सुकलाच नाही. आईच्या वेळी होतं तसंच सगळं आहे. एकतीस पिढ्यांत काहीही बदललेलं नाही.

मी एकदाही स्वतः जाऊन बघितलं नव्हतं. नाक वाहतं म्हणून. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, आधी डोळ्यांनी बघा.

निबंध मागे घेतला. विभागप्रमुख चांगले बोलले, पाणी दिलं, आणि जागेचा विषय पुढच्या वर्षावर गेला असं म्हणाले. पुढच्या वर्षी ती जागा नसेल हे दोघांनाही माहीत होतं.

पण तुला सांगायचं ते वेगळं आहे. वह्या पुन्हा उघडल्या. शेवटच्या नऊ वर्षांत तारीख, वेळ, वारा हे सगळं त्या त्या रविवारी लिहिलेलं आहे, शाई बदलत जाते, हात थकत जातो. पण पहिल्या वर्षाचा रंगाचा रकाना सोळाच्या सोळा रविवारांचा एकाच पेनने, एका बैठकीत भरलेला आहे. म्हणजे तू गेल्यावर पहिलं वर्षभर त्यांनी तो कोरा ठेवला होता. मग मापाच्या वहीत मला माझंच पत्र सापडलं. त्या वर्षअखेरीचं. त्यात मी लिहिलं होतं, 'टाकी बंद झाली असेल तर माळ सुकेल आणि तपकिरी वाढत जातील असा माझा अंदाज आहे. तुमच्या वह्यांतून तो सिद्ध झाला तर मोठं काम होईल, बाबा.' त्याखाली खडूने रेघ ओढलेली आहे. आणि समोरच्या पानावर, जिथे गिऱ्हाइकाचं नाव लिहितात तिथे, 'ताई'. खाली नऊ आकडे. ३४, ३९, ४३, ४८, ५३, ५७, ६२, ६६, ७१.

बाबांनी माझं माप घेतलं होतं, बटण. आणि बरोबर मापाचं शिवून दिलं. इतकं सरळ, की परीक्षकाला शंका आली आणि मला ती शाबासकी वाटली.

आमच्यात याला एक शब्द आहे. तो मी बाबांसाठी वापरणार नाही. ते दर रविवारी जातच होते, शंभर पकडतच होते, सव्वातीन तास. पिशवीत बघत असतील आणि मग मान वर करत असतील. समोर कोणी नसताना. हे डोळ्यांसमोर आलं की मला काम सुचत नाही.

मी एक छोटं टिपण पाठवते आहे. आईची पंधरा वर्षं आणि तुझी सात, त्यावर तुम्हा दोघांची आणि बाबांची नावं. काही बदललं नाही, एवढंच त्यात आहे. तेही सांगायला लागतं. शेवटच्या नऊ वर्षांच्या वेळा खऱ्या आहेत, त्या मी देणार. रंगाचा रकाना कोरा. पण तो कोरा का, हे लिहावं लागेल. सरळ लिहायचं तर, 'निरीक्षक रंगांधळे होते.' जे चारचौघांत बोललास म्हणून तुझं घर सुटलं, ते मी छापून जगाला सांगायचं. न लिहावं तर ती लपवाछपवी होईल. दोन्हींपैकी एकही माझ्या हातून होत नाही. तूच सांग.

ताई


५ ऑक्टोबर

ताई,

रकाना कोरा का, तिथे तो शब्द लिहू नकोस. त्यांनी आयुष्यभर ज्याच्याकडे पाठ फिरवली तो शब्द त्यांच्या नावाशेजारी नको.

त्यांना दिसत नव्हतं म्हणून रकाना चुकला नाही. दिसत तर आईच्या वेळीही नव्हतं, माझ्या वेळीही नव्हतं, आणि तेव्हा एकही चूक नाही, तूच मोजून पाहिलंस. तेव्हा जे झालं तेच लिही. 'या नऊ वर्षांत रंग सांगायला सोबत कोणी नव्हतं.' एवढंच. हे खोटं नाही, आणि यात त्यांचा पाणउतारा नाही. झाला तर माझा आहे.

माझं नाव त्या टिपणावर घालू नकोस असं म्हणणार होतो. पण आईच्या शेजारी येणार असेल तर राहू दे.

बटण


१२ डिसेंबर

प्रिय बटण,

तुझं वाक्य होतं तसंच घातलं. टिपण त्यांना आवडलं आहे, छापतील. तोच परीक्षक होता. एकाच ठिकाणी त्याने खूण केली आहे, तुझ्या वाक्यापाशी. बाजूला लिहिलंय: 'निरीक्षकाला घरचं कोणी नव्हतं का? खुलासा करावा.'

उत्तराला तीन आठवड्यांची मुदत आहे. अडीच उलटले. होती, दोन मुलं होती, एवढंच उत्तर आहे, आणि मला ते लिहवत नाही.

ताई